ऑगस्टमधली मठ्ठ पोरं

ब्रॅडन्स फेरीच्या शाळेत पॉलेट सेडलाक एकोणीस वर्षं नर्स होती. या काळात तिने किती घोळणा फुटलेली नाकं दाबून धरली आणि गणिताच्या परीक्षेच्या सकाळी किती पोटदुख्या बिनऔषधाच्या बऱ्या केल्या, याला गणती नाही. पोरं तिला वचकून असायची. कपाळाला हात लावायच्या आधी ती पोराच्या तोंडाकडे नुसती बघायची आणि म्हणायची, "वर्गात जा." सोंग घेऊन आलेला पोरगा खाली मान घालून वर्गात जायचा. आपल्याला कुणी बनवू शकत नाही, असा तिला चांगलाच तोरा होता. अशा बाईला सगळ्या गावाने मिळून बनवलं, आणि तेही तिच्याच खोलीत, तिच्याच नाकासमोर, सलग तीन वर्षं.

पश्चिम पेनसिल्व्हेनियात नदीच्या वळणावर हे गाव आहे. पोलादाचा कारखाना बंद पडला, पाठोपाठ सिनेमाचं थिएटर गेलं, मग दोन किराणावाले गेले. राहिलं ते चर्च आणि शाळेचा फुटबॉल. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्याने अंगावर येऊन आडवं पाडायचं, असा तो खेळ. शुक्रवारी संध्याकाळी सामना असला की गावात चिटपाखरू नसायचं. म्हाताऱ्या बायकासुद्धा गोधड्या घेऊन मैदानावर. या गावात पोरगा खेळत नसेल तर त्याला काय झालंय असं विचारायचे, आणि विचारताना आवाज खाली घ्यायचे.

पॉलेटचा मोठा भाऊ व्हिन्स एके काळी या मैदानाचा राजा होता. ती शाळकरी असताना त्याला खांद्यावर घेऊन लोक नाचलेले तिने पाहिले होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी तोच व्हिन्स आईच्या घरी राहायचा. दुकानात जाऊन आपण काय आणायला आलो ते विसरून उभा राहायचा. एकदा सूप गरम नाही म्हणून त्याने आईच्या अंगावर वाडगा फेकला आणि मग तासभर तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडला. डॉक्टर म्हणाले, नक्की कारण सांगता येत नाही. पॉलेटला कुणी सांगायची गरज नव्हती. डोक्याला किती वेळा मुका मार लागला होता ते तिने कडेला बसून पाहिलं होतं. आपल्या पोटचा पोरगा या मैदानावर पाय ठेवणार नाही, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पण लग्न केलं होतं सेडलाकांच्यात. तिच्या नवऱ्याचा, ग्लेनचा आजा खेळला, बाप खेळला, ग्लेन स्वतः खेळला. तिघांचे फोटो शाळेच्या व्हरांड्यात ओळीने टांगलेले, आणि चौथ्यासाठी खिळा आधीच ठोकून ठेवलाय असं लोक थट्टेने म्हणायचे. ग्लेन वाईट माणूस नव्हता. हे पॉलेट आजही सांगते, आणि सांगताना तिला स्वतःचाच राग येतो. जेरेड झाला तेव्हा महिनाभर त्याचे लंगोट ग्लेननेच बदलले होते. बायकोवर हात उगारणं तर सोडाच, त्याने कधी आवाजही चढवला नव्हता.

जेरेड आठवीत गेला आणि घरात जुंपली. वर्षभर एकच विषय. ग्लेन म्हणायचा, पोराला काय काचेच्या कपाटात ठेवायचंय का. रस्त्यावर मोटारींचे अपघात होतात, म्हणून मोटार शिकवायची नाही का.

"मोटारीत बसून कुणी मुद्दाम समोरच्यावर जाऊन आदळत नाही, ग्लेन," ती म्हणायची.

"व्हिन्स दारू प्यायचा, ते सोयीने विसरतेस तू."

"गावातले निम्मे पुरुष पितात. ते आईवर वाडगे फेकत नाहीत."

जेरेड मध्ये बसून मान वर न करता जेवायचा. त्याचे सगळे मित्र संघात गेले होते. हळूहळू त्याला कुणी घरी बोलवेनासं झालं, आणि तोही खोलीबाहेर पडेनासा झाला. त्याचं ते गप्प बसणं पॉलेटला भांडणापेक्षा जड जात होतं.

तेवढ्यात शाळेत ती संगणकावरची परीक्षा आली. हंगामाच्या आधी, ऑगस्टमध्ये, प्रत्येक खेळाडूला संगणकासमोर बसवायचं. पडद्यावर शब्द येतात, ते लक्षात ठेवायचे. आकृत्या येतात, त्या ओळखायच्या. रंग बदलला की चटकन बटण दाबायचं. शेवटी शंभरपैकी गुण. पुढे पोराच्या डोक्याला मार बसलाच, तर तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. गुण ऑगस्टपेक्षा घसरले तर पोरगा घरी. ही परीक्षा घ्यायचं काम नर्सचं. पॉलेट दोन दिवस शहरात जाऊन शिकून आली ती खुशीत. व्हिन्सच्या वेळी कोच दोन बोटं नाचवून 'किती?' विचारायचा, आणि पोरगा दोन म्हणाला की परत आत. आता तसं चालणार नव्हतं. आता मध्ये ती उभी होती.

त्याच आठवड्यात तिने ग्लेनला अट घातली. जेरेड खेळेल. पण माझ्या परीक्षेत घसरला तर त्या वर्षीचा खेळ तिथेच बंद, मग समोर अंतिम सामना का असेना. ग्लेनने तिचा हात हातात घेऊन शब्द दिला. जेरेडने तिला उचलून स्वयंपाकघरात गोल फिरवलं. शहरातल्या त्या दोन दिवसांचे अनुभव तिने जेवताना दोघांना रंगवून सांगितले. गुण पंचावन्नच्या खाली गेले तर यंत्र लाल खूण करतं, पोराने मन लावून दिली नाही असं समजतं, हेही तिने तेव्हाच सांगितलं. नवऱ्याशी माणूस बोलतं तसं ती बोलली.

दोन हंगाम सुरळीत गेले. अकरा पोरांना तिने पुन्हा बसवलं, त्यातली दहा पास झाली. पोरं दणकट आहेत आणि नवी हेल्मेटं चांगली आहेत, असं तिला वाटलं. ऑगस्टमध्ये सगळ्यांचे गुण साठीच्या आसपास का घुटमळतात, याचं तिला एकदा नवल वाटलं होतं. सुट्टीत डोक्याला गंज चढतो, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. आजारपणाचं सोंग ती लांबूनच ओळखायची. मठ्ठपणाचं सोंग कुणी घेईल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आणि गाव तर तिच्याशी किती गोड वागत होतं. मैदानावर मधोमध तिची जागा राखून ठेवलेली असायची. नाताळात दाराशी केक. गॅरेजवाला तिची गाडी रांगेत थांबू द्यायचा नाही. आपण पोरांची काळजी घेतो याची लोकांना जाण आहे, या विचाराने तिला भरून यायचं.

जेरेड अकरावीत असताना ऑक्टोबरमध्ये एका सामन्यात तो दोघांच्या मध्ये सापडला. हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज तिला वर बाकांपर्यंत ऐकू आला. तो उठला, पण उठून दुसऱ्याच संघाच्या बाजूला चालू लागला. लोक हसले. मग कुणीतरी त्याला वळवून आणलं. शनिवार-रविवार तो टोपी डोळ्यांवर ओढून पडून राहिला. सोमवारी सकाळी तिने त्याला परीक्षेला बसवलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली.

ऑगस्टमध्ये त्याला एकसष्ट गुण होते. सोमवारी बासष्ट आले. तिने आकडा दोनदा वाचला, कागदावर सही केली आणि खोलीत दुसरं कुणी नाही असं बघून त्याच्या डोक्याचा मुका घेतला. मंगळवारी तो सरावाला गेला.

बुधवारी संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे चर्चच्या तळघरात पिरोग्या करायला गेली. आपल्या करंज्यांसारख्याच असतात त्या, आत बटाटा आणि चीज, आणि मग उकडायच्या. लांब टेबलाला दहा-बारा बायका बसून कडा दाबत होत्या. तिच्या शेजारी बर्निस होती, सत्तरीची, जिचा नातू डिलन संघात होता. जेरेड सुटला म्हणून सगळ्यांनी पॉलेटचं अभिनंदन केलं. बासष्ट आले, ऑगस्टपेक्षाही एक जास्त, असं पॉलेटने कौतुकाने सांगितलं.

बर्निस खुदकन हसली. "ऑगस्टमध्ये काय, सगळीच पोरं मठ्ठ असतात. आमच्या डिलनला तर मठ्ठ दिसायला कष्टही पडत नाहीत."

टेबलाभोवती हशा पिकला. पॉलेटही हसली, आणि मग तिने विचारलं, म्हणजे काय.

"अगं, म्हणजे काय काय? ऑगस्टमध्ये जरा हात आखडता घ्यायचा. मार लागला की मग परीक्षा जीव तोडून द्यायची. आकडे जुळले की झालं." बर्निसने तिच्या हातावर पिठाचा हात ठेवला. "पंचावन्नच्या खाली तेवढं जायचं नाही. तुझ्या ग्लेननेच नाही का सगळ्यांना सांगून ठेवलंय. खरं सांगू, पॉलेट, तू डोळेझाक करतेस म्हणून ही पोरं खेळतायत. दुसरी कुणी नर्स असती तर अर्धा संघ घरी बसला असता. मी रोज प्रार्थनेत तुझं नाव घेते."

पॉलेटने टेबलावरून नजर फिरवली. एकीच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. दोघीतिघी तर मायेने मान हलवत होत्या. केक, राखून ठेवलेली जागा, गॅरेज, सगळं कशासाठी होतं ते तिला त्या क्षणी कळलं. तिची राखण गावाला नको होती. तिचा गप्प राहण्याचा मोठेपणा गाव मानत होतं, आणि तो मोठेपणा तिने कधी दाखवलाच नव्हता. पंचावन्नचा आकडा तर तिच्याच जेवणाच्या टेबलावरून बाहेर पडला होता. परक्याने केलं असतं तर तिने शिव्या घातल्या असत्या. घरच्या माणसाने केसाने गळा कापला होता. हातातली पिरोगी तिने नीट दाबून ताटात ठेवली, कोट घेतला आणि कुणाशी न बोलता बाहेर पडली.

गाडीत बसल्यावर मग खरी भीती आली. जेरेडने ऑगस्टमध्ये प्रामाणिकपणे परीक्षा दिली असेल, तर एकसष्ट हेच त्याचं डोकं, आणि तो ठीक आहे. पण ऑगस्टमध्ये त्याने सोंग घेतलं असेल, तर सोमवारी जिवाचा आटापिटा करून तो जेमतेम त्या सोंगापर्यंत पोचला होता. मधलं जे काही होतं ते गेलं होतं, आणि किती गेलं हे सांगणारा कागद जगात कुठेच नव्हता. सगळ्या गावाने लबाडी केली असेल, पण माझ्या पोराने केली नसेल, असं ती घरापर्यंत स्वतःला बजावत राहिली.

ग्लेन आणि जेरेड स्वयंपाकघरात जेवायला बसले होते. तिने कोटही काढला नाही. पंचावन्नचा आकडा गावाला कुणी दिला, एवढंच तिने विचारलं. ग्लेनने काटा खाली ठेवला.

"पॉली, बस आधी. किती राबतात ही पोरं, तू बघतेस ना. दोन दिवस डोकं दुखलं म्हणून अख्खं वर्ष घालवायचं?"

"जेरेडला तू शिकवलंस?"

त्याने पाण्याचा ग्लास पुढे ओढला.

"ग्लेन, मी विचारतेय."

"बुधवारचा," तो म्हणाला. "तू चर्चला गेलीस की बसायचो आम्ही. बारा शब्द मी वाचायचो, त्यातले सातच सांगायचे. बाकीचे लक्षात असले तरी गिळायचे. बाराच्या बारा यायचे त्याला, पॉली. एकदाही चुकायचा नाही. मुद्दाम चुकायला शिकवायलाच दोन आठवडे लागले."

हे सांगताना त्याच्या आवाजात बापाचा अभिमान होता, आणि तो तिला ऐकू आला. तिला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. एकोणीस वर्षं परक्यांच्या पोरांची सोंगं ओळखत बसले आणि घरातलं सोंग माझ्याच स्वयंपाकघरात घडवलं गेलं, असं तिच्या मनात आलं. पण आत्ता रडायला वेळ नव्हता. एक शेवटची आशा अजून उरली होती. ती जेरेडसमोर खुर्ची ओढून बसली.

"जेरेड, मी रागावणार नाही. सोमवारी, माझ्या खोलीत, तू परीक्षा दिलीस ना. तेव्हाही मुद्दाम चुकलास? सवयीने? थोडं तरी?"

आपल्या मुलाने आपल्याशी खोटं वागलेलं असावं, अशी इच्छा तिने आयुष्यात पहिल्यांदा केली. ग्लेनला आता कुठे प्रश्नाचा अर्थ लागला. तो पोराकडे वळला आणि घाईघाईने म्हणाला, "सांग ना तिला. मुद्दामच सोडले असशील काही शब्द."

जेरेडने आईकडे बघितलं, मग बापाकडे. प्रश्न त्याच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला.

"नाही, मॉम. सोमवारी सगळं जीव तोडून दिलं. डॅड म्हणाले होते, आता एकही सोडायचा नाही." तो तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिला. "पण पास झालो ना मी?"