अमोसची चार बोटं

ओझेला टार्पलीला अख्खं हॅडलीव्हिल ओळखायचं ते तिच्या लोण्याच्या केकमुळे. कुणी मेलं, केक. कुणाचं लग्न ठरलं, केक. पण खुद्द तिला विचारलंत तर ती एकच ओळख सांगायची: कोर्ट बांधणाऱ्या अमोसची नात.

अमोस गवंडी होता. विटाही त्यानेच भाजलेल्या. सही येत नव्हती, म्हणून मोठ्या दाराशेजारच्या एका विटेत, ती ओली असतानाच, त्याने चार बोटं दाबून ठेवली होती. काळ्या माणसाला त्या दारानं जायची बंदी होती, तेव्हा रविवारी कोर्ट बंद असताना बाप छोट्या ओझेलाला तिथं न्यायचा आणि तिची बोटं त्या खळग्यांत बसवायचा. "हा तुझा आजोबा. विसरलीस तर बघ!"

बाप गेला, भाऊ गेले. अमोसचं नाव सांगणारी आता ही एकटी उरली होती, एक्क्याऐंशी वर्षांची.

त्या वर्षी वसंतात, जुनी घरं बघायला पाहुणे लोटतात तेव्हा, इतिहास मंडळानं कोर्टावर पितळी पाटी लावायचं ठरवलं. मंडळाच्या मिस विनिफ्रेड लॅथ्रॉप तिच्याकडे आल्या. वयानं तीस वर्षांनी लहान, पण गोऱ्या. म्हणजे अगंतुगं आलंच.

"ओझेला, ती बोटांची वीट नेमकी कुठली गं?"

"चला, आत्ता दाखवते! आणि नाव अमोस टार्पली असं लिहा हं, मिस विनिफ्रेड."

"बघू की. आणि केक तूच करायचेस. सहा पुरतील."

म्हातारीनं तीन दिवस राबून सहा केक केले. नवी निळी टोपी घेतली. समारंभात तिला केकच्या टेबलामागे उभं केलं, तरी बिचारी खूश!

पडदा सरकला. पाटीवर लिहिलं होतं: हे न्यायालय न्यायमूर्ती फेरिस लॅथ्रॉप यांनी बांधले. व्हिस्कीच्या पेल्याहून जड काही उचललं नव्हतं हो त्या माणसानं! पण ज्याच्या हाती ससा तो पारधी.

ओझेलाची नजर वीट शोधत होती. वीट कुठंच दिसेना.

"मिस विनिफ्रेड, आमची वीट?"

"पाटीखाली आहे की! तू जागा दाखवलीस ते फार बरं झालं. फोटोत घाण दिसायची गं ती. बोल्ट ठोकताना तिचे तुकडे झाले म्हणे, पण आता कुणाला दिसतंय?"

ओझेलानंच, स्वतःच्या बोटानं, जागा दाखवली होती.

तेवढ्यात एक पाहुणी बाई बशी घेऊन आली. "काय सुरेख केक आहे! कुणाची कृती?"

"आमच्या घरची," मिस विनिफ्रेड म्हणाल्या. "लॅथ्रॉपांची, पिढ्यान्‌पिढ्यांची. हो ना गं, ओझेला?"

ती कृती ओझेलाच्या आईची होती. सगळे तिच्याकडे बघत होते.

"हो, मिस विनिफ्रेड," ती म्हणाली. जन्माची सवय, दुसरं काय. वीट त्यांनी फोडली होती. पण हे 'हो' तिच्याच तोंडून गेलं होतं, आणि मरेपर्यंत तिला जाळत राहिलं ते तेच.