पांढऱ्या हाडांचं गाव

"मेश्राम, हा एक्स-रे आहे की पाटीवर सांडलेला चुना?"

साहेबांनी फिल्म उजेडात धरली. कमरेचा एक्स-रे होता. मणके खडूसारखे पांढरेफटक दिसत होते.

साहेब म्हणजे आमचे रेडिओलॉजिस्ट, एक्स-रे वाचणारे डॉक्टर. मी टेक्निशियन, एक्स-रे काढणारा. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात मी टेम्पररी होतो आणि पर्मनंट होण्याची वाट बघत होतो.

फिल्म पांढरी येण्याचं साधं कारण म्हणजे एक्स्पोजर कमी पडणं. किरण जिथे पोचतात तिथे फिल्म काळी होते. हाड किरण अडवतं, म्हणून ते पांढरं दिसतं. पण चांगल्या फिल्ममध्ये हाडाच्या आतली बारीक जाळी दिसते. इथे जाळीचा पत्ता नव्हता. म्हणजे चूक माझी, असा सरळ हिशेब.

"परत काढा," साहेब म्हणाले.

पेशंट होत्या सगुणाबाई. वय चाळीस-बेचाळीस, गाव उमरेडच्या पलीकडचं. मिरची तोडायला मजुरीने जायच्या. बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी मागून नाव पुकारलं. त्यांनी मान वळवली नाही. हात टेकून उठल्या, सगळ्या अंगानिशी फिरल्या आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मान लचकली का, मावशी?"

"लचकली असती तं चार दिवसात बरी झाली असती, भाऊ. चार वर्सं होऊन राहिले. वाकता येत नाही, उकिडवं बसता येत नाही. मिरचीच्या झाडापुढे उभ्याची उभी राहतो मी, बुजगावण्यावानी."

मी किरणांचा जोर वाढवला आणि दुसरी फिल्म काढली. तीही पांढरी.

साहेबांचा आवाज चढला नाही, पण शब्द कडक होते. "डेव्हलपर जुना झाला असेल." डेव्हलपर म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन.

"आज सकाळीच बदलला, सर. यांच्यानंतरच्या पेशंटचा गुडघा चांगला आला."

"गुडघा आणि कंबर एकच असते का? फिल्मची आधीच टंचाई आहे. तिसरी बिघडली तर मेमो देईन."

टेम्पररी माणसाला मेमो म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मी डार्करूममध्ये जाऊन ती कंबर आणि तो गुडघा शेजारी धरून बघितले. साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. दोन वेगळ्या फिल्मांवरून काहीच सिद्ध होत नाही. एक्स्पोजर वेगळं, जागा वेगळी, माणूस वेगळा. मग एकाच फिल्मवर दोन माणसं घेतली तर?

मी सगुणाबाईंना टेबलाशी बसवलं. त्यांचा हात कोपरापासून पुढे फिल्म भरलेल्या चपट्या कॅसेटवर ठेवला. शेजारी माझा ठेवला आणि अटेंडंटला बटण दाबायला सांगितलं. आज कोणी असे विनाकारण किरण अंगावर घेतले तर त्याला घरी पाठवतील, आणि ते बरोबरच आहे.

"तुमचा बी हात दुखते का?" सगुणाबाईंनी विचारलं.

"नाही मावशी. मले माझी नोकरी वाचवाची आहे."

फिल्म धुऊन बाहेर आली. माझी हाडं करडी होती, जाळी स्वच्छ दिसत होती. त्यांची पांढरी. फिल्म तीच, किरण तेच, डेव्हलपर तोच. मी ओल्या फिल्मचा हँगर तसाच घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. फरशीवर पाणी ठिबकत होतं.

साहेबांनी माझ्या हाताकडे बघितलंच नाही. सगुणाबाईंच्या हातात कोपर ते मनगट जी दोन हाडं असतात, त्यांच्या मधल्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. त्या दोन हाडांमध्ये एक पातळ पडदा असतो. तो एक्स-रेत दिसत नाही. इथे मात्र हाडांच्या कडेला पांढरी झालर लागली होती. पडदा हाडासारखा कडक होत चालला होता.

"बसा, मेश्राम," ते म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा. "हे आंध्रातल्या खेड्यांबद्दल वाचलं होतं मी. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की ते हाडांत साठतं. हाड घट्ट होतं, सांधे आखडतात, वाढत्या मुलांच्या दातांवर डाग पडतात. आपल्याकडे असेल असं वाटलं नव्हतं. बाईंचं गाव कोणतं?"

मी रजिस्टर आणलं. फिल्म पुन्हा काढावी लागली की मी नावापुढे लाल शाईने 'रिपीट' लिहीत असे. चार महिन्यांत कमरेचे पाच रिपीट होते. त्यातली चार माणसं सगुणाबाईंच्याच गावची.

पुढच्या रविवारी साहेब आणि मी एसटीने त्या गावात गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या मुलींना सोयरीक जुळवताना त्या नावाचा पुरेसा त्रास झाला आहे.

सगुणाबाईंनी आपल्या दोन्ही मुलींना समोर उभं केलं. मोठी अठराची, तिचे दात पांढरे. धाकटी दहाची, तिच्या दातांवर तपकिरी पट्टे.

"तंबाखू खाते म्हणून मास्तरानं मारलं इले," सगुणाबाई म्हणाल्या. "पोरगी राखुंडीनं घासू घासू हिरड्या फोडून घेते."

"हिचा जन्म कधीचा?" साहेबांनी विचारलं.

"बोरिंग झाली त्या साली."

दुष्काळात गावात बोरिंग खणून हँडपंप बसवला होता. त्याआधी नाल्यापलीकडच्या विहिरीचं पाणी प्यायचे. साहेबांनी पंपाचं आणि विहिरीचं, दोन्ही पाणी बाटल्यांत भरून घेतलं. नागपूरच्या प्रयोगशाळेतून महिन्याने रिपोर्ट आला. पंपाच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी वर होतं. विहिरीच्या पाण्यात नावाला.

आम्ही रिपोर्ट घेऊन परत गेलो. सरपंच ऐकायला तयार नव्हते.

"पंपाचं पाणी काचेवानी हाये, साहेब. अन् त्या हिरीत बेडकं. पंपाचंच उकळून पेलं तं चालन का?"

"बेडकांवर औषध टाकता येतं," साहेब म्हणाले. "हे उकळून जात नाही."

"बायाईनं नाल्यापल्याड कायले जावं मंग? दहा वर्सं झाले, दारात पाणी हाये."

उत्तर सगुणाबाईंनी दिलं. "मी जातो ना. वाकता येत नाही, पण चालता येते. ह्या पोरीनं माह्यासारखं लाकूड व्हावं काय?"

दुसऱ्या दिवसापासून त्या पंपासमोरून पाण्याचा गुंड घेऊन विहिरीवर जाऊ लागल्या. मोठी मुलगी पाणी शेंदायची. आठवडाभर त्या दोघीच होत्या. मग धाकट्या मुलांच्या आया निघाल्या. उन्हाळ्यात गावाने विहीर उपसली, औषध टाकलं, कठडा बांधला. पंप राहिला, पण धुण्याभांड्यापुरता. त्याला सरपंचांनी स्वतः लाल रंग फासला.

सगुणाबाई पुढे काही वर्षं दाखवायला येत राहिल्या. कळा कमी झाल्या, दुखणं वाढायचं थांबलं. मान मात्र पहिल्यासारखी वळली नाही. धाकटीचे पट्टेही राहिले. सात वर्षांनी साहेब त्या गावच्या शाळेत जाऊन आले. विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या पहिलीच्या वर्गाला त्यांनी रांगेत उभं करून तोंडं उघडायला लावली. परतल्यावर मला म्हणाले, "मेश्राम, सगळे पांढरे. दोन किडलेले होते, पण ते गोळ्या-बिस्किटांचे."

हाडात जाऊन बसलेलं सहजी निघत नाही. पुढचं तेवढं थांबवता येतं. आमच्या धंद्यात यालाच गुण आला म्हणतात. मेमो मिळाला नाही. पर्मनंटची ऑर्डर मात्र त्यानंतरही तीन वर्षांनी आली.