लपवलेलं गॅस्केट

माझी नात तिच्या गाडीला मोठा टर्बो बसवणार होती आणि त्यात माझा फायदा होता. टर्बो म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. फायदा मात्र लगेच कळला. गॅरेज काशीगावात, मी तिथून जवळच भाईंदर पूर्वेला, आणि तिला सुट्टी फक्त रविवारची. म्हणजे पोरगी दर रविवारी इकडे येणार, गाडी गॅरेजात सोडणार आणि भूक लागली की आजीकडे येणार.

नात म्हणजे मुलीची मुलगी. सत्तावीस वर्षांची, नोकरीवाली, ठाण्यात दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहणारी. तिची आई नाशिकला. त्याआधी ही माझ्याकडे यायची ती दिवाळीला, नाहीतर आईने फोनवर ओरडल्यावर. मी तक्रार करत नाहीये. तिच्या वयाची असताना मीही म्हाताऱ्यांकडे अशीच जायची, घड्याळ बघत.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. वन बीएचकेमध्ये एका माणसाचा आवाज फारसा होत नाही. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेनशी ‘केम छो, मजामा’ एवढं बोलणं होतं, तेही लिफ्ट बंद असेल तर, कारण मग जिन्यात गाठ पडते. कधी कधी संध्याकाळी फोन वाजतो, मी ‘हॅलो’ म्हणते आणि घशातून भलताच खरखरीत आवाज येतो. मग लक्षात येतं, सकाळपासून हा पहिलाच शब्द.

गंमत अशी की हे सगळं मी मागून घेतलेलं आहे. तिशीतली मी म्हणजे काय बया होती! लालबागच्या एका खोलीत आम्ही सात माणसं. ही बाई गॅलरीत कपडे वाळत घालता घालता देवाला सांगायची, एक दिवस, एकच दिवस, दार लावून एकटीने चहा पिऊ दे. पुढे भाईंदरला जागा बघायला आलो तेव्हा ह्यांनी हवा कुठून येते, पाणी किती वेळ येतं असं सगळं विचारलं. हिने काय बघितलं? दारं. दारं मोजून घर पसंत केलं शहाणीने. आता बाथरूम धरून पाच दारं आहेत आणि त्यातलं एकही लावायची गरज पडत नाही.

तर रविवार सुरू झाले. गाडी तिची छोटीशीच, डिझेलवर चालणारी, पांढरी. मी पहिल्याच दिवशी विचारलं, टर्बो आधीपासून आहे ना गाडीत, चालतोय ना, मग नवा कशाला? ती म्हणाली, “आजी, तू काय फाटल्याशिवाय नवी साडी घेत नव्हतीस?” कपाट तिच्या समोरच उघडं होतं, ते मी उठून लावून टाकलं.

टर्बो मोठा बसवायचा तर बाकीचंही बरंच बदलावं लागतं म्हणे. एका रविवारी क्लच, एका रविवारी हवेचे पाइप, एका रविवारी सायलेन्सर. हे ऐकून मला फारच आनंद झाला. सामानाची पार्सलं माझ्या पत्त्यावर यायची, कारण मी दिवसभर घरी, आणि तिच्या आईला यातलं काही कळता कामा नये. मी पार्सल घेऊन सही करायची आणि रविवारची वाट बघायची. शनिवारी किनाऱ्यावरच्या पालीहून येणाऱ्या कोळणीकडून बोंबील घ्यायचे. एरवी ती माझ्या दाराशी थांबायचीसुद्धा नाही, एकट्या बाईचं गिऱ्हाईक ते काय. आता लांबूनच हाक मारायची, “आज नात येनार हाय ना गो?” मी मुद्दाम जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भाव करायची.

नात यायची, काळ्या बोटांनी फ्रिज उघडायची, जेवायची आणि दिवाणावर आडवी होऊन मोबाइल बघायची. फार बोलायची असं नाही. पण घरात दुसऱ्या माणसाच्या श्वासाचा आवाज असायचा. सोमवारी फ्रिजच्या दांडीवरचे ग्रीसचे ठसे मी पुसायची नाही. बुधवारपर्यंत तरी नाही.

एका रविवारी मीच म्हटलं, मला ने तुझ्या गॅरेजात. गॅरेजवाला काशीगावातलाच, चाळिशीतला, अंगाने आडवा आणि आवाजाने मऊ. त्याने मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि कोणाच्या तरी गाडीतून काढलेला जुना टर्बो माझ्या हातात दिला. लोखंडाची जाड गोगलगाय म्हणा. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुरावर एका बाजूचा पंखा फिरतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला आणखी एक पंखा असतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून गाडी पळते. मी बोटाने पंखा फिरवून बघितला. तो दांडा तेलावर तरंगत फिरतो, नुसत्या तेलाच्या पापुद्र्यावर, असं त्याने सांगितलं.

“तेल थांबलं का दांडा खलास, आजी. म्हणून तेलाच्या वाटेवर गॅस्केटच लावायचं. लोक घाईत सिलिकॉनची ट्यूब पिळतात. त्याचा तुकडा आत सुटतो, तेल तुंबतं, आणि भर हायवेवर टर्बो जातो. मग न्हाय गाडी हलत.”

गॅस्केट म्हणजे दोन भागांच्या मध्ये बसणारी पातळ चकती, तेल गळू नये म्हणून. मी मान डोलावली. त्याला वाटलं असेल, म्हातारीला काय समजतंय. म्हातारीला चांगलंच समजत होतं.

त्याच दुपारी जेवताना नातीने सांगितलं की बंगळूरला नोकरी लागली आहे. पुढच्या रविवारी टर्बो बसेल आणि बुधवारी ती गाडी घेऊन निघेल. एकटीच, ड्राइव्ह करत. बोंबलाचा काटा काढता काढता सांगितलं तिने. मी म्हटलं, छान झालं. पगार विचारला, राहायचं कुठे ते विचारलं, आणखी एक बोंबील वाढला.

टर्बोचं पार्सल गुरुवारी आलं. खोकं जड होतं, वॉचमनने वर आणून दिलं. मी कात्रीने टेप कापली. आत टर्बो, आणि वेगळ्या पाकिटात बारीकसारीक सामान. त्यात अंगठ्याएवढं, दोन भोकांचं एक चपटं गॅस्केट होतं. तेल खाली उतरतं त्या पाइपचं. गॅरेजात जुन्या टर्बोवर त्याने बोट ठेवून दाखवलेलं तेच. मी ते काढून घेतलं आणि माझ्या जुन्या कवळीच्या डबीत ठेवलं. ती डबी जगात कोणी उघडणार नाही अशी माझी खात्री होती. पाकीट नीट चिकटवलं, खोक्याला नवी टेप लावली.

हिशेब सरळ होता. गॅस्केट नाही, म्हणजे काम नाही. काम नाही, म्हणजे आणखी एक रविवार.

तेव्हा मला सासूबाई आठवल्या. माझे धाकटे दीर लग्नानंतर बोरिवलीला वेगळे राहायला गेले. ते रविवारी भेटायला यायचे आणि निघताना त्यांची एक चप्पल सापडायची नाही. अर्धा तास शोधाशोध, तेवढ्यात आणखी एक चहा. एकदा ती चप्पल मला कॉटखालच्या पत्र्याच्या ट्रंकेमागे सापडली. शहाणी ना मी! सगळ्यांसमोर ती उंच धरून म्हणाले, ही बघा, आईंनीच ठेवलीय. सगळे हसले. मी सगळ्यात जास्त. त्या हसल्या की नाही, ते मी बघितलंच नव्हतं.

रविवारी मी गॅरेजात मुद्दाम गेले. आपण केलेली खोडी बघायला कोणाला आवडत नाही? जुना टर्बो उतरवून झाला, नवा ठेवला, पाकीट फुटलं. गॅरेजवाल्याने एकेक वस्तू फडक्यावर मांडली आणि डोकं खाजवलं. ऑइल रिटर्नचं, म्हणजे तेल खाली उतरतं त्या पाइपचं, गॅस्केट नव्हतं. नातीने खोकं उलटं केलं, थर्मोकोल झटकला, विक्रेत्याला फोन लावला. रविवार, कोणी उचलेना. हा टर्बो बाहेरून मागवलेला, त्याचं गॅस्केट इथल्या दुकानात मिळत नाही. साधा गॅस्केटचा कागद कापून लावावा तर तिथल्या उष्णतेला टिकत नाही. गॅरेजवाला म्हणाला, आता पुढच्या आठवड्यात.

मी खुर्चीवर बसून पदराने तोंड पुसायला लागले. हसू दिसू नये म्हणून.

नात गाडीच्या उघड्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, “सिलिकॉन लावून द्या.”

तो नाही म्हणाला. तिने सांगितलं, बुधवारी निघायलाच हवं, सोमवारी नव्या ऑफिसात हजर व्हायचंय, ठाण्याची खोली सोडलीय. जुना टर्बो परत चढवू असं तो म्हणाला तर त्याचं जुनं गॅस्केट काढताना फाटलेलं. शेवटी त्याने खांदे उडवले. “ताई, मी न्हाय म्हटलं होतं एवढं ध्यानात ठेव,” असं म्हणून तो आत गेला आणि ट्यूब घेऊन आला.

माझं हसू कुठे गेलं मलाच कळलं नाही. मला एकदम तो रस्ता दिसायला लागला, मी कधीच न बघितलेला, बंगळूरचा. ट्रकांच्या मध्ये ती पांढरी गाडी. त्याने ट्यूबचं टोक ब्लेडने कापलं.

मला खोटं बोलता आलं असतं. अगं, टेबलावर काहीतरी पडलं होतं खरं, असं म्हटलं असतं तर कोणी विचारलं नसतं. म्हाताऱ्या माणसाला विसरायची मुभा असते. जिभेवर आलंही होतं.

“लावू नका,” मी म्हटलं. “गॅस्केट घरी आहे. मी काढून ठेवलंय.”

त्याने ट्यूब खाली ठेवली आणि दुसऱ्या गाडीकडे काम नसताना निघून गेला. भला माणूस.

रिक्षात नात बाहेर बघत बसली. मेट्रोच्या खांबांखालून, सिग्नलमागून सिग्नल. मी दोनदा खाकरले. घरी आल्यावर मी कवळीची डबी उघडून तिच्या हातात दिली. तिने गॅस्केट चिमटीत उचललं.

“का, आजी?”

“पुढच्या रविवारी आली असतीस.”

“मग तसं सांगायचं ना. थांब म्हणायचं.”

“म्हटलं असतं तर थांबली असतीस?”

तिने विचार केला. खरंच केला, मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

“नाही,” ती म्हणाली.

मला वाटलं होतं, हे ऐकून मी रडेन. रडले नाही. इतक्या दिवसांत कोणी माझ्याशी इतकं खरं बोललं नव्हतं. फोनवर सगळे म्हणतात, येऊ हं, नक्की येऊ.

आम्ही परत काशीगावला गेलो. गॅस्केट बसलं, पाइप घट्ट झाला. मग त्याने इंजिन चालू न करता नुसतं फिरवलं, पुन्हा पुन्हा, नव्या टर्बोच्या आतपर्यंत तेल पोचेस्तोवर. मग चावी पूर्ण फिरवली. गाडी ताबडतोब सुरू झाली आणि कुठूनतरी बारीक शीळ यायला लागली. जाताना त्याने नातीला बजावलं की जोरात चालवल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. टर्बो तापलेला असतो, एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवायचं, मगच बंद.

तिने मला घोडबंदर रोडवरून फिरवून आणलं. न विचारता. मोकळा रस्ता लागला तसा तिने पाय दाबला आणि कोणीतरी छातीवर हात ठेवून मला सीटमध्ये ढकलावं तसं झालं. ह्यांच्या मोटरसायकलवर मी कधी तिसाच्या वर जाऊ दिलं नाही. पाठीत गुद्दे घालायची. काय मिळवलं त्या बावळट बाईने हळू जाऊन, देव जाणे. मी म्हटलं, आणखी एकदा. नातीच्या ओठाचा कोपरा हलला आणि तिने पुन्हा पाय दाबला.

बिल्डिंगच्या गेटशी गाडी थांबली. मी दाराची कडी धरली. वाटलं, उतरावं, ती निघेल. तर ती गाडी चालू ठेवून नुसती बसून राहिली, स्टिअरिंगवर हात, नजर घड्याळावर. मला कळायला जरा वेळ लागला. परत जाणाऱ्याला थांबायची गरज नसते. ती गाडी बंद करणार होती.

मीही बसून राहिले. दोन मिनिटं. शीळ बंद झाली होती, फक्त इंजिनाची धडधड.

“मी दर रविवारी फोन करीन असं म्हणणार नाही,” ती म्हणाली. “विसरेन मी.”

“माहीत आहे.”

तिने चावी फिरवली आणि आम्ही वर गेलो. बोंबील केलेले नव्हते, सकाळी मला खात्री होती की आज काही काम होत नाही, पुढच्या रविवारीच करू. मग पिठलं टाकलं. तिने भात दोनदा घेतला. दिवाणावर आडवी झाली, मोबाइल पोटावर ठेवून झोपली. मी समोर खुर्चीत बसले. टीव्ही लावला नाही.

सहाला तिला निघायचं होतं. पावणेसहाला ती गाढ झोपली होती. उठवलं नसतं तर सात वाजेपर्यंत सहज झोपली असती. त्या दिवसाची माझी सगळ्यात मोठी लबाडी अजून शिल्लक होती आणि ती करायला काहीच करावं लागणार नव्हतं.

मी तिच्या पायाला हात लावला. म्हटलं, ऊठ बाळा, घोडबंदरला ट्रॅफिक लागेल.