यजमानांचा पेपर शेवटी

माझा आवाज चांगला आहे, हा माझ्या नशिबातला मोठा घोळ. डोणगावला शाळेत प्रार्थना मी सांगायचे. आता तालुक्याच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, तरी कार्यक्रम कुठलाही असो, माइक माझ्याच हातात. मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सवरचा परिसंवाद आमच्याकडे ठरला, तेव्हाही प्राचार्यांनी मला विचारलं नाही. निमंत्रणपत्रिकेत निवेदिका म्हणून छापूनच टाकलं.

या खेपेला मात्र मला स्वतःचंही बोलायचं होतं. कॉलेजच्या पहिल्या संगणकांतून काढलेल्या मेमरी चिप्सवर मी सहा उन्हाळे घालवले होते. या चिपमध्ये साठवलेलं सारखं गळत असतं, तिला क्षणोक्षणी आठवण करून द्यावी लागते. तापली की ती आणखी लवकर विसरते. आमच्या प्रयोगशाळेत एसी नाही, त्यामुळे वैशाखातली भट्टी फुकटात मिळाली. सकाळी पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञांनी व्हॉल्व्हपासून चिपपर्यंतचा इतिहास सांगितला आणि शेवटी म्हणाले, नुसतं चिकाटीनं मोजत बसणारं माणूस मला पीएचडीला हवं आहे. मी माझ्या मोजणीची फाइल जवळ ओढून घेतली.

त्यांची गाडी चारला निघणार होती. माझा पेपर यादीत शेवटचा, कारण यजमानांचे पेपर शेवटी, ही आमच्याकडची रीत. जेवणाच्या सुट्टीत मी प्राचार्यांना गाठलं आणि मला जरा आधी घ्या म्हटलं. ते वरणात पोळी कुस्करत होते.

"मॅडम, तुमचा पेपर घरचाच आहे. आधी पाहुण्यायले वाढा, मंग आपुन."

जेवणानंतर राहिलेले सत्कार निघाले. शाल, श्रीफळ, पुस्तक. प्रत्येक नाव मीच पुकारत होते आणि प्रत्येक नावामागे माझाच वेळ जात होता. एक पाहुणे दोन शब्द बोलतो म्हणून उठले ते पाऊण तास बसलेच नाहीत. असा संताप आला की माइक आपटून निघून जावं. पण निवेदिका उठली की कार्यक्रम पडतो, आणि मग वर्षभर ऐकावं लागतं की बाईमुळे पडला. मी हसतमुखानं टाळ्या मागत राहिले.

पावणेचारला प्राचार्यांची चिठ्ठी आली. मी ती माइकवर वाचली, वेळेअभावी उरलेले पेपर वाचले गेले असं समजण्यात येत आहे. उरलेला एकच होता. तो सादर केल्याचं प्रमाणपत्र सकाळीच छापून आलं होतं.

पाहुण्यांना निरोप द्यायलाही मलाच पुढं केलं. मी फाइल छातीशी धरून गाडीजवळ गेले, आता सांगायचंच असं ठरवून. शास्त्रज्ञ काच खाली करून कौतुकानं म्हणाले, "निवेदन फार सुंदर केलंत. मराठी शिकवता ना तुम्ही?"

दिवसभर लोकांनी दिलं तेच बोलायची सवय झाली होती. मी हो म्हणाले.