अर्जावरचे दुसरे नाव

हे विघ्नहरा, हे मंगलमूर्ती, पहिल्या शब्दाच्या आधी तुला वंदन. तुझे मूळ स्थान कोणते, ते थोरांनी सांगावे. आम्हाला इतकेच ठाऊक, की हातभर उंचीच्या पितळी रूपात, लोकरी शालीत गुंडाळलेला असा तू विमानाच्या हातसामानातून या देशी आलास, आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तुला यंत्रातून दोनदा फिरवले तरी रागावला नाहीस. तुझ्या सेवेतल्या एका माणसाची कथा सांगायची आहे. तो साधू नव्हे, पंडित नव्हे. झोप उडालेला, बसल्या जागी पाय हलवणारा, चहा थंड करून पुन्हा गरम करणारा एक संसारी गृहस्थ. त्याच्या कथेवर तुझा हात असू दे.

त्याचे नाव विनय खानझोडे. मूळचा नागपूरच्या महालातला, वस्ती इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकची. मे २००४ मध्ये पत्नी रेखा आणि पाच वर्षांची तनू यांना घेऊन तो वर्क परमिटवर आला आणि एका बिझनेस पार्कमधल्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासू लागला. चार वर्षे झाली की कायमचे राहता येईल, अशी तेव्हाची रीत होती. दोन वर्षे सरली आणि सरकारने चारांची पाच केली. विनयने भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे वर्तुळ खोडले आणि एक वर्ष पुढे काढले. कंपनीत त्याला कोणी वाईट म्हणत नसे, आणि तो सुटीवर गेला तर कोणाच्या फारसे लक्षातही येत नसे. पण मराठी मंडळात, आमच्या त्या भाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये, खुर्च्या मांडणारा पहिला हात त्याचा आणि फरशी पुसणारा शेवटचा हातही त्याचाच. त्याला एक वर्ष अध्यक्ष व्हायचे होते. एकच वर्ष. इतकी लहान इच्छा मनात धरून माणूस किती तळमळू शकतो, ते २००८ च्या सप्टेंबरात आम्ही पाहिले.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. इथे अध्यक्ष एकटा उभा राहत नाही. अर्जावर दोन नावे लागतात, अध्यक्षाचे आणि उपाध्यक्षाचे. मत पडते ते जोडीला. कारण असे, की २००३ साली आमच्या अध्यक्षांची बदली झाली, गणेशोत्सव तीन आठवड्यांवर असताना ते पुण्याला परतले, आणि हॉलचे बुकिंग कोणाच्या नावावर आहे हेच कोणाला कळेना. व्हिसावर जगणाऱ्या माणसांचे मंडळ. आज आहे तो उद्या नाही. तेव्हापासून जोडी. आणि तुझीही सोय तशीच, गणराया. आम्ही सुपारी विसर्जित करतो, तुला ठेवून घेतो. वर्षभर तू अध्यक्षाच्या घरी राहतोस. तू असलेले घर रिकामे ठेवायचे नाही आणि दिवेलागण चुकवायची नाही. अध्यक्ष गावाला निघाला, की तू उपाध्यक्षाच्या घरी जातोस, मोटारीच्या पुढच्या सीटवर बसून. पट्टा बांधावा लागतो, कारण तुझ्या वजनाने मोटारीला वाटते की माणूसच बसला आहे, आणि ती सारखी पिकपिक करते.

अर्ज देण्याची मुदत महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चारपर्यंत. विनयच्या अर्जावर पहिले नाव होते, दुसरी ओळ कोरी होती.

त्या आठवड्याच्या सोमवारी ऑफिसात त्याच्या हाती एक पांढरा लिफाफा आला. तुमच्या विभागाचे काम पुण्याच्या शाखेकडे जाणार आहे, तुमची जागा ‘ॲट रिस्क’ आहे, डिसेंबरअखेर निर्णय होईल. विनयने ते पत्र सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये तीन वेळा वाचले आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. नोकरी गेली की परमिटही जाणार, आणि पाच वर्षे पुरी व्हायला आठ महिने उरले होते. घरी सांगितले नाही, मंडळात सांगितले नाही. ज्याला उद्याची खात्री नाही त्याला अध्यक्ष कोण करील, ही भीती.

मंगळवारी तो मित्राकडे, गिरीशकडे गेला. गिरीशच्या दिवाणखान्यात टीव्हीवर अमेरिकेच्या निवडणुकीचा काथ्याकूट चालला होता. दोन्ही पक्षांच्या उमेदवारांनी आपापले जोडीदार जाहीर केले होते, आणि कोणी कोणाला का घेतले, यावर चार विद्वान भांडत होते.

“शिक काहीतरी,” गिरीश आवाज कमी करत म्हणाला. “तिकडे गणित असतं. जे राज्य आपल्याला मत देत नाही, तिथला माणूस शेजारी उभा करायचा. तुझं ते राज्य कोणतं?”

“साउथहॅम्प्टन.”

“बरोबर. तेवीस मतं. अर्धे डॉक्टर, आणि रवी म्हसकर सांगेल तिकडे जाणारे. रवीला घे. तुझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या परीक्षित रेगेला तोंड उघडायला जागा उरणार नाही.”

“आणि सीमा गोंधळेकर?”

गिरीश हसला. “भर आरतीत तुला थांबवलं त्या बाईनं. बावीस दिवससुद्धा झाले नाहीत. तुला हौस आहे का रे?”

सीमाताई मंडळाच्या चिटणीस; नोकरी कौन्सिलच्या लायब्ररीत, वस्ती गावाच्या दक्षिण टोकाला. त्या वर्षी विनयने प्रेमाच्या भरात आरतीला आरती जोडत नेली. पाऊण तास झाला, मुले पेंगली, तेव्हा सीमाताई सर्वांदेखत म्हणाल्या होत्या, “खानझोडे, देव कुठे जात नाही. मुलांना जेवू द्या.” लोक हसले होते. विनयच्या मनात ते हसू अजून वाजत होते.

म्हणून त्याने रवीला फोन लावला. रवी सरळ माणूस. “टाक माझं नाव,” तो म्हणाला. “शनिवारी दुपारी ये, सही करतो.” काम फत्ते झाले. मग त्या रात्री विनयला झोप का लागू नये? तो उठला, पाणी प्यायला, खिडकीशी गेला, परत आला. बुधवारी तसेच, गुरुवारी तसेच. कोटावर हात जाई आणि परत येई.

“मुंग्या लागल्यासारखे काय फिरताय?” रेखाने विचारले.

“मतं मोजतोय.”

“पायांनी?”

शुक्रवारी मावळत्या अध्यक्ष अनुराधाताईंचा फोन आला. लेकीचे दिवस भरले होते, त्यांना मिल्टन कीन्सला जायचे होते आणि त्यांचे उपाध्यक्ष भारतात होते. “विनय, रविवारपर्यंत बाप्पा तुमच्याकडे ठेवाल? परत आले की त्याला घेईन, अर्जही घेईन.” विनयने तुला आनंदाने घरी आणले. शनिवारी मात्र पेच पडला. रेखाची औषधाच्या दुकानात ड्युटी, तनूचा पोहण्याचा वर्ग, आणि घर रिकामे ठेवायचे नाही. तेव्हा तुला शालीत गुंडाळून, पट्टा बांधून, सोबत निरांजन, वाती आणि तुपाची डबी घेऊन तो साउथहॅम्प्टनला निघाला.

रवीच्या दारात तो तुला कडेवर घेऊन उभा राहिला. रवी नुकताच झोपेतून उठला होता.

“अरे, यांना कशाला त्रास दिलास?” म्हणत त्याने टेबलावरची कागदपत्रे बाजूला सारली आणि तुला जागा केली. चहा केला, सही केली, पेन खाली ठेवले. मग म्हणाला, “विनय, एक आधीच सांगतो. नंतर कटकट नको. मूर्ती आमच्याकडे नाही ठेवता येणार. मी ऑन-कॉल, नीनाच्या नाइट्स. घर अर्धा आठवडा कुलपात असतं. मीटिंगांचंही तेच. माझं नाव वापर बिनधास्त. वेळ तेवढा मागू नकोस.”

“छे, छे. मी आहेच की,” विनय म्हणाला.

म्हणाला खरा, पण ते शब्द तोंडातून निघाले आणि त्याच्याच कानांना खोटे लागले. मी आहेच की. कुठवर? खिशातले पत्र बरगडीला टोचले.

परतीच्या वाटेवर मोटरवेवर त्याने रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. शेजारी तू स्थिर, आणि तो सारखा सरकणारा. सज्जनहो, त्या पाऊण तासात त्याला कोणी उपदेश केला नाही. त्याच्या मनाने त्याला एकच दृश्य पुनःपुन्हा दाखवले: जानेवारीतली एक सकाळ, आवरलेल्या बॅगा, टॅक्सी दारात, हातात मूर्ती, आणि समोर कुलूप लावलेले दार. तेवीस मते त्या दारामागे होती. दार उघडायला कोणी नव्हते.

मोटरवे सोडून तो गावच्या मोठ्या चौकफेऱ्यावर, म्हणजे राउंडअबाउटवर आला. आमचे गाव चौकफेऱ्यांचे. आकाश तांबूस झाले होते, दिवेलागण जवळ आली होती. घर पलीकडच्या टोकाला. सीमाताईंची गल्ली पहिल्याच फाट्यावर. तो एक फेरी फिरला, फाटा सोडला. दुसरी फिरला. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला. तिसऱ्या फेरीला त्याने इंडिकेटर दिला.

सीमाताईंनी दार उघडले तेव्हा त्यांच्या हातात रबरी मोजे होते. त्यांनी आधी विनयकडे पाहिले, मग शालीकडे. मोजे काढले, हात धुतले, तुला त्याच्या हातून घेतले. “शाल दमट आहे. पाणी सांडलं का?” म्हणत दुसरी शाल आणली, ओली शाल हीटरवर पसरली. कोनाड्यातल्या पुस्तकांची चळत उचलली आणि तुला तिथे बसवले. वाती विनयने आणल्या होत्या, पण त्यांच्याकडे भिजवलेल्या तयार होत्या. दिवा लागला. दोघांनी आरती म्हटली. एकच.

मग त्यांनी विचारले, “आता सांगा. काय झालं?”

विनयने खिशातले पत्र काढून त्यांच्या हातात दिले. हे पहिलेच माणूस, ज्याला त्याने ते दाखवले.

त्यांनी चष्मा लावून वाचले, घडी घातली. “रेखाला माहीत आहे?”

“नाही.”

“आणि अर्जावर रवी.”

“त्याची मतं आहेत, ताई.”

“मतं एका दुपारची असतात. नंतरचे तीनशे चौसष्ट दिवस कोणाच्या घरी?” त्या उठून गॅसकडे गेल्या. “तुम्ही गेलात तर?”

“म्हणून तर आलो. तुम्ही उभ्या राहाल?”

सीमाताईंनी आधणात आले ठेचून टाकले. चहाला उकळी आली. “मी तुमच्या हो ला हो म्हणणार नाही.”

“माहीत आहे.”

“चारचौघांत म्हणणार नाही.”

“ते तर सगळ्या गावाला माहीत आहे.”

त्या किंचित हसल्या. “मग माझी एक अट. हे पत्र मतदानाआधी सभेत वाचायचं. लपवून ठेवून मला मागच्या दारानं अध्यक्ष करणार असाल, तर मला नको. लोकांना कळू द्या की ते दोघांना निवडताहेत आणि दुसरी कदाचित पहिली होईल.”

“मग आपण हरू.”

“हरू. खुर्च्या तुम्ही तरीही लावालच.” आणि थोड्या वेळाने, “अजून एक. आरती वीस मिनिटांच्या वर नाही.”

“पंचवीस,” विनय म्हणाला.

त्यांनी पंचवीस मान्य केली.

तिथूनच त्याने रवीला फोन केला. पत्राचे, नव्या जोडीचे सगळे सांगितले. पलीकडून सुस्कारा ऐकू आला, आणि रवी म्हणाला, “सुटलो रे बाबा. नीना दुपारपासून माझं डोकं खात होती, कशाला सही केलीस म्हणून. पत्राचं वाईट वाटलं. आधी का नाही बोललास?”

घरी पोहोचल्यावर त्याने तुला जागेवर ठेवले आणि रेखासमोर पत्र धरले. तिने ते हातातही घेतले नाही. “मंगळवारीच वाचलंय मी. कोट ड्रायक्लीनिंगला द्यायचा होता.”

“बोलली का नाहीस?”

“तुमच्या फेऱ्या थांबायची वाट पाहत होते.”

दोन आठवड्यांनी सभा भरली. विनय उभा राहिला, पत्र वाचू लागला, आणि कागद इतका थरथरत होता की दुसऱ्या परिच्छेदाला सीमाताईंनी उठून त्याचा एक कोपरा धरला. पुढे तो वाचत गेला, त्या कोपरा धरून उभ्या राहिल्या. ज्यांच्या स्वतःच्या खिशांत तसलीच पत्रे होती, असे कितीतरी जण तिथे बसले होते. मतदान संपत आले तेव्हा रवी गळ्यातला हॉस्पिटलचा बिल्ला न काढता धावत आला आणि चिठ्ठी टाकून तसाच परत गेला. एकसष्ट विरुद्ध चोपन्न. जोडी निवडून आली, सात मतांनी.

विनयला अध्यक्षपद साडेतीन महिने लाभले. त्याने दिवाळी केली, संक्रांतीचा तिळगूळ वाटला, खुर्च्याही लावल्या. डिसेंबरअखेर जागा गेली. दुसरी शोधायला त्याने पन्नास अर्ज लिहिले. त्या हिवाळ्यात कोणी कोणाला घेत नव्हते. फेब्रुवारीत गावावर बर्फ पडले आणि त्याच आठवड्यात त्यांनी घर आवरले. निघायच्या सकाळी तो तुला घेऊन सीमाताईंच्या दारी आला, बुटांना बर्फ, डोळ्यांत रात्रीचे जागरण. दार तो वाजवण्याआधीच उघडले.

“कापूर निळ्या डब्यात आहे. घंटेचा लोलक सैल झालाय. हॉलच्या केअरटेकरला आदल्या दिवशी फोन…”

“खानझोडे,” सीमाताई म्हणाल्या, “सगळं तुम्ही लिहून दिलंय. चार पानं. आत या, दिवा लावून जा.”

त्याने दिवा लावला. परतताना रिकाम्या सीटवरचा पट्टा त्याने सवयीने ओढून बसवला, आणि तसाच राहू दिला.

हे गजानना, त्या विनयाला, जो अजून नागपुरातून दर रविवारी फोन करून वातींची चौकशी करतो, शांत झोप दे. कोटाचे खिसे तपासणाऱ्या आणि वेळ येईतो गप्प राहणाऱ्या रेखेला दीर्घ आयुष्य दे. दोन देशांत शाळा शिकलेल्या तनूला दोन्हीकडे मैत्रिणी दे. त्यांच्या घरात असे एक माणूस सदैव असू दे, जे दार वाजवण्याआधी उघडते. आणि ज्या घरी तू आज बसला आहेस, त्या घरचा दिवा दिवेलागणीला कधी न चुको.