रिकाम्या ताटावरची प्रार्थना

दुपारचं ऊन स्वयंपाकघराच्या जाळीतून फरशीवर सांडलं होतं. भांडी घासून मी वळले, तर माझे सासरे पुन्हा टेबलाशी येऊन बसलेले. समोर रिकामं ताट, हात जोडलेले, डोळे मिटलेले. आत्ताच आपण जेवलो, हे ते विसरले होते. हल्ली ते बरंच विसरतात. सासूबाई गेल्या हेही त्यांना आठवत नाही, आणि मला तर ते ओळखतच नाहीत.

"पप्पा, जेवण झालं ना आपलं," हे शब्द ओठांवर आले होते, तेवढ्यात ते बोलू लागले.

"हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो. जिनं हे रांधलं त्या मुलीला सुखी ठेव. फार जीव लावते रे. तिचं नाव मला आठवत नाही, पण तुला ठाऊक आहे."

मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. माणसं, नावं, वर्षं असं सगळं त्यांच्या मनातून हळूहळू निघून चाललंय. तरी आभार मानायची ही सवय आत कुठेतरी शाबूत आहे. कदाचित ती आठवणींच्याही आधीची असेल, श्वासासारखी. समोर काय वाढलंय, हे तिला पाहावं लागत नसेल.

"आमेन," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून परक्या पाहुणीला विचारावं तसं विचारलं, "तू जेवलीस का गं?"

"नाही अजून," मी म्हणाले, आणि दोघांसाठी थोडाथोडा भात वाढायला घेतला.