मामाच्या निरोपांना माझं 'छान'

मामा गेल्याच्या बातमीला मी 'छान' असं उत्तर पाठवलं होतं. महिना झाला, कुणाला सांगितलं नाही... आता लिहूनच टाकतो.

बोदलकसा तलावाजवळच्या गावातून मामा रोज सकाळी मोबाइलवर बोलून निरोप पाठवायचा. तलावाला पाणी किती, धानावर कोणती कीड, कोणाची म्हैस कोणाच्या बांधीत शिरली. तीन-तीन मिनिटं, आणि तेही ओरडून. जणू गोंदियापर्यंत आवाज पोचवणं मोबाइलचं नाही, त्याच्या गळ्याचं काम! मी दुकान उघडण्याच्या घाईत. न ऐकताच 'छान' लिहून मोकळा. त्या सकाळी त्याच्या फोनवरून मामी रडत बोलली होती. तिलाही 'छान' गेलं. तासाभरानं शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा कळलं.

मयतीला मान खाली घालून गेलो. रडून रडून मामीचा आवाज बसलेला. तरी म्हणाली, "या, छानवाले भाचे! मागं मी पडली, कमरेचं हाड मोडलं, तवाही तुमचं छानच आलं होतं. हे तं हसून हसून लोळत होते. गावभर दाखवलं."

म्हणजे मामाला सगळं ठाऊक होतं! आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, तो रागावणार तरी कसा? मी कसंबसं विचारलं, "मंग पाठवत काऊन होते?"

"मीही तेच म्हणो. तं म्हणे, आयकत नसन, पण छान आलं का समजते, भाचा खुशाल हाये."

तेरवी झाल्यावर एका दुपारी काउंटरवर बसून मी एकेक निरोप ऐकायला घेतला. मामा नुसता बोलत नव्हता. विचारायचा आणि माझ्या उत्तरासाठी थांबायचा. "जेवला का?"... "बरं." "साखर उतरली का?"... "हं, गोळी चुकवू नको."

शेवटच्या निरोपात म्हणत होता, "बाबू, धान कापून झालं. मासे मस्त निघून राहिले. कवा येशीन?" मग शांतता. मागं कुठेतरी टिटवी ओरडत होती. माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "रविवारी येतो, मामा."

समोरचं गिऱ्हाईक दचकलं.

आणि फोनमधून मामा म्हणाला, "बरं. वाट पाहतो."